वार्धक्य आणि घरातील न्हाणीघर



गेल्या दोन अंकांत आपण गुडघे आणि मांड्यांच्या व्यायामांविषयी बोललो. त्या लेखांवर आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला आढळला. व्यायाम करू, औषधे वेळेवर घेऊ; परंतु रोज न्हाणीघरात पाऊल टाकताना जी धाकधूक वाटते तिचे काय करावे? एका भगिनींनी लिहिले आहे की, सासूबाई आंघोळीला गेल्या की त्या बाहेर येईपर्यंत घरातील कोणाचेही कामात लक्ष लागत नाही. म्हणून आजचा लेख न्हाणीघर आणि शौचालय यांच्या रचनेसाठी राखून ठेवला आहे.

हा विषय गवंडी आणि प्लंबर यांचा आहे, डॉक्टरांचा त्यात काय संबंध, असे काहींना वाटेल. पंचवीसहून अधिक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करताना मनगट, कंबर किंवा खुब्याचे हाड मोडलेले अनेक वृद्ध रुग्ण मी पाहिले आहेत. "कुठे पडलात?" या प्रश्नाचे उत्तर "बाथरूममध्ये" किंवा "रात्री बाथरूमला जाताना" असे इतक्यांदा ऐकले आहे की, हा विषय मला औषधांइतकाच महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. पासष्टीपुढील साधारण तीन व्यक्तींपैकी एक वर्षातून एकदा तरी पडते. यातील पुष्कळसे प्रसंग टाळता येण्याजोगे असतात, ही त्यातली दिलाशाची बाब.

तोल का जातो?

ओली फरशी हे कारण सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते अर्धेच कारण होय. उरलेले अर्धे शरीरात असते. आपला तोल तीन आधारांवर टिकतो: डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची संवेदना. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांची तळपायांची संवेदना बोथट झालेली असते. वयोमानाने अंतर्कर्णाचे कार्य मंदावते. अशी व्यक्ती चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटते, तेव्हा तिचा तिसरा आधारही काही क्षणांपुरता नाहीसा होतो. उभ्याने आंघोळ करणारे अनेक जण नेमके याच क्षणी झोक जाऊन पडतात.

दुसरे कारण रक्तदाबाचे. बसलेल्या किंवा झोपलेल्या स्थितीतून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला आम्ही स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतो. रक्तदाबाच्या, लघवी अधिक होण्याच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे ही प्रवृत्ती वाढते. कढत पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे रक्तदाब आणखी उतरतो. शौचाला जोर करणे आणि पुरुषांनी रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करणे, या दोन्ही वेळी भोवळ येण्याचा संभव असतो. म्हणून पुरुषांनी रात्री तरी बसूनच लघवी करावी.

आपल्याकडील एका रूढीकडेही लक्ष वेधावेसे वाटते. आंघोळ आणि पूजा आटोपल्याशिवाय काही न खाणारे ज्येष्ठ अनेक घरांत आहेत. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. परंतु मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी आंघोळीला जाणे धोक्याचे आहे. औषध न्याहारीशी जोडलेले असेल, तर आंघोळ आणि पूजा आधी करावी, औषध त्यानंतर न्याहारीच्या वेळी घ्यावे. मात्र हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

भीतीचे न दिसणारे दुष्परिणाम

पडल्याने होणारी इजा दिसते. पडण्याची भीती मात्र दिसत नाही आणि तीही प्रकृतीचे मोठे नुकसान करते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे आणले. दोन दिवस ताप होता आणि रात्री त्या असंबद्ध बोलत होत्या. घरात नसलेली माणसे दिसतात असे सांगत होत्या. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल, या विचाराने मुलगा आणि सून हवालदिल झाले होते. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाण्याची कमतरता आढळली. उपचारांनी तीन-चार दिवसांत त्यांचे भान पूर्ववत झाले. पुढच्या भेटीत सून औषधे आणायला बाहेर गेली, तेव्हा मी त्यांना पाणी कमी पिण्याचे कारण विचारले. आजी हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी प्यायलं की जावं लागतं, डॉक्टर. आणि तिथं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो."

सहा महिन्यांपूर्वी त्या संडासाच्या उंबरठ्याला अडखळून पडल्या होत्या. फारसे लागले नव्हते, म्हणून त्यांनी ते कोणालाच सांगितले नाही. सांगितले असते तर घरच्यांनी एकटीने जाऊ दिले नसते, असे त्यांना वाटले. तेव्हापासून दुपारी चारनंतर त्यांनी पाणी पिणे जवळजवळ सोडून दिले होते. आंघोळही एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड होऊ लागली होती. उपवास वाढले आहेत, एवढेच घरच्यांच्या ध्यानात आले होते.

त्या घरात दोन आधारदांडे, एक खुर्ची, उंबरठ्यावर पिवळी पट्टी आणि रात्री आपोआप लागणारा दिवा एवढे बदल करण्यात आले. आजी आता रात्रीच्या जेवणाबरोबर पाणी पितात. अलीकडे त्यांच्या प्रकृतीची तक्रार घेऊन घरचे आले, ती केवळ गुडघ्यांची होती.

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीने पाणी कमी केले असेल, आंघोळ टाळायला सुरुवात केली असेल, लग्नकार्याला किंवा मुलीकडे राहायला जाणे सोडले असेल, तर त्यामागे न्हाणीघराची भीती आहे काय, हे प्रेमाने आणि एकांतात विचारून पाहावे. चारचौघांत विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही.

आधी निरीक्षण, मग खरेदी

बाजारात जाण्यापूर्वी एक साधी गोष्ट करावी. ज्येष्ठ व्यक्तीला अंथरुणापासून कमोडपर्यंत आणि तेथून परत, अंगावर कपडे असतानाच, नेहमीप्रमाणे चालून, बसून, उठून दाखवायला सांगावे. त्या वेळी त्यांचे हात कोठे कोठे जातात ते पाहावे. दाराची चौकट, बेसिनची कड, नळ, टॉवेल टांगण्याची दांडी, फ्लशची टाकी यांपैकी ज्या ज्या जागी हात टेकला जातो, तेथे शरीर आधार मागत आहे असे समजावे. बेसिन आणि टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी बसवलेली नसतात. ती ऐन वेळी निखळतात.

याच निरीक्षणात आणखी तीन गोष्टी टिपाव्यात: वाटेत काय अडखळवते, कोठे वाकावे लागते आणि कोठे एका पायावर उभे राहावे लागते. घरातील चपला काढून न्हाणीघरातील चपला घालण्यासाठी कितीतरी ज्येष्ठ दाराशी एका पायावर उभे राहतात. मागे पट्टा आणि खाली खाचांची पकड असलेली एकच जोडी सर्वत्र वापरणे अधिक सुरक्षित. तळ झिजून गुळगुळीत झालेल्या रबरी चपला आजच टाकून द्याव्यात.

फरशी आणि उंबरठा

नव्याने फरशी बसवायची असेल तर चकचकीत टाइल कटाक्षाने टाळावी आणि खरखरीत पृष्ठभागाची, आकाराने लहान टाइल निवडावी. लहान टाइलमध्ये सांधे अधिक असल्यामुळे पायाला पकड मिळते. पाणी जाळीकडे वाहून जाईल एवढाच उतार हवा, म्हणजे मीटरमागे साधारण एक ते दीड सेंटीमीटर. त्याहून अधिक उतार दिल्यास स्टूल आणि खुर्ची डुगडुगतात.

फरशी बदलणे शक्य नसेल तर खाली चोषण असलेली, भोके असलेली रबरी चटई अंथरावी. तिच्याखाली साबणाचा थर साचतो, म्हणून ती आठवड्यातून एकदा उचलून घासावी. दाराबाहेर कापडी पायपुसणे असल्यास ते काढून टाकावे किंवा खाली रबर असलेले घ्यावे.

अभ्यंगस्नानाची सवय असलेल्यांना एक सूचना. अंगाला तेल जरूर लावावे. तळपायांना मात्र लावू नये, आणि लावायचेच असेल तर रात्री अंथरुणात बसून लावावे व मोजे घालून झोपावे. दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणे यांनी माखलेल्या मोरीत घरातील चार माणसांनंतर आजोबांना पाठवू नये. त्यांना सर्वांत आधी स्नान घालावे. पूर्वापार मानही थोरांचाच आहे.

न्हाणीघराचा उंबरठा पाणी बाहेर येऊ नये म्हणून असतो. तो काढून दारात आडवी जाळीची पन्हळ बसवता येते. ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंनी छोटा, खरखरीत उतार करून घ्यावा. तेही शक्य नसेल तर उंबरठ्याच्या कडेवर ठळक पिवळी पट्टी लावावी आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक उभा आधारदांडा बसवावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पांढऱ्या फरशीवरचा पांढरा उंबरठा आणि पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड वेगळा ओळखूच येत नाही. कमोडचे आसन गडद रंगाचे घेतल्याने हा प्रश्न थोडक्या खर्चात सुटतो.

आधारदांडे

संपूर्ण न्हाणीघरात एकच सुधारणा करणे परवडणार असेल, तर ती आधारदांड्यांची करावी. दांडा स्टेनलेस स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा, म्हणजे ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा असावा. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असावा. भिंत आणि दांडा यांत ४ ते ५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. त्याहून अधिक ठेवल्यास हात कोपरापर्यंत आत घसरून अडकू शकतो.

कमोडशेजारचा आडवा दांडा आसनाच्या पातळीपासून साधारण २० ते २५ सेंटीमीटर उंच असावा. त्याच्या पुढच्या टोकाशी एक उभा दांडा असल्यास उठताना ओढून घेण्यासाठी उपयोगी पडतो. अंग धुण्याच्या जागी जमिनीपासून ८० ते ९० सेंटीमीटर उंचीवर आडवा दांडा असावा. ही मापे मार्गदर्शक आहेत. भोक पाडण्यापूर्वी ज्यांना वापरायचे आहे त्यांना तेथे बसवून, उभे करून, हात सहज कोठे पोचतो तेथे पेन्सिलीने खूण करावी. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीसाठी दांडा सशक्त हाताच्या बाजूला हवा, ही बाब कारागिराला आपण होऊन सांगावी.

दांडा टाइलवर नव्हे तर टाइलमागील विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्टने घट्ट बसवावा. नव्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंतींना वेगळ्या प्रकारचे बोल्ट लागतात. बसवून झाल्यावर घरातील वजनदार आणि धडधाकट व्यक्तीने त्याला लोंबकळून पाहावे. मगच ज्येष्ठांनी वापरावा. हवेच्या चोषणाने भिंतीला चिकटणारे दांडे स्वस्त मिळतात. ते कधी सुटतील याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांवर शरीराचा भार टाकू नये.

शौचालय

कमोडची योग्य उंची ओळखण्याची खूण सोपी आहे. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकावीत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहावी. आपल्याकडील बहुतेक कमोड ४० सेंटीमीटरच्या आसपास असतात. गुडघे अधू असलेल्यांना ४५ ते ४८ सेंटीमीटर उंची सोयीची पडते. यासाठी कमोड बदलण्याची गरज नाही. ५ ते १५ सेंटीमीटर उंची वाढवणारी आसने सर्जिकल दुकानात मिळतात. आसन कमोडला पक्के आवळता येणारे असावे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किती उंची हवी, हे आपल्या शल्यविशारदांना विचारावे.

घरात केवळ भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर त्यावर ठेवता येणारी, मधोमध भोक असलेली खुर्ची घ्यावी. तिच्या चारही पायांना रबरी टोप्या आणि दोन्ही बाजूंना हात असावेत. जी ज्येष्ठ मंडळी अजून उकिडवी बसू शकतात, त्यांच्यासाठी समोरच्या भिंतीवर, उठताना धरता येईल असा दांडा लावावा. बसता येते म्हणून उठताही येते असे नाही. उठतानाच तोल जातो.

कमोडजवळचा जेट आणि पाण्याचा नळ मागे वळावे लागणार नाही अशा जागी, हाताच्या टप्प्यात असावेत.

आंघोळ बसूनच करावी

सत्तरीनंतर प्रत्येकाने, तब्येत उत्तम असली तरी, बसून आंघोळ करण्याची सवय लावावी असे माझे मत आहे. मात्र पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर बसू नये. तेथून उठणे उभे राहण्यापेक्षाही कठीण असते. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची, पाठ आणि हात असलेली, ॲल्युमिनियमची किंवा मजबूत प्लास्टिकची, आसनाला पाणी निथळण्यासाठी भोके असलेली खुर्ची वापरावी. जेवणाघरातील साधी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवून सरकते.

वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोहून जड असते. ती सरकवणे आणि तिच्यातून वाकून तांब्या भरणे हे कमरेला आणि तोलाला झेपत नाही. म्हणून बादली नळाखालीच एका भक्कम, बुटक्या स्टुलावर ठेवावी. म्हणजे खुर्चीवर बसल्या बसल्या हात पाण्यापर्यंत पोचतो. टाकीचे पाणी पुरेशा दाबाने येत असेल तर दीड मीटर लांबीच्या नळीचा हँड शॉवर उत्तम. तो बसल्या जागेवरून काढता-ठेवता येईल एवढ्या उंचीवर अडकवावा. साबण हातातून निसटून खाली पडतो आणि तो उचलण्यासाठी वाकताना अपघात होतो. त्याऐवजी दाबून काढण्याचा द्रव साबण वापरावा किंवा साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून दांड्याला बांधावी. अंग पुसणे आणि कपडे घालणेही खुर्चीवर बसूनच करावे. एका पायावर उभे राहून पायजमा चढवण्याची कसरत मुळीच नको.

पाणी, वीज आणि वायू

वृद्धांची त्वचा पातळ असते आणि मधुमेहात उष्णता कळत नाही. ६० अंश सेल्सियसचे पाणी जेमतेम पाच सेकंदांत खोल भाजू शकते. ४९ अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. म्हणून गीझरचे तापमान ५० अंशांच्या खाली ठेवावे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम पाणी ओतावे आणि कोपर बुडवून पाहावे. बंबातील किंवा चुलीवरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा क्रम विशेष काटेकोरपणे पाळावा.

विजेच्या गीझरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. साधा एमसीबी तारांचे रक्षण करतो. माणसाला बसणारा धक्का तो रोखत नाही. बादलीत सोडण्याचा पाणी तापवण्याचा रॉड ज्येष्ठांच्या हाती देऊच नये.

वायूवर चालणारा गीझर न्हाणीघराच्या आत असेल, तर तो आजच बाहेर हलवण्याची व्यवस्था करावी. बंद खोलीत ज्वलनासाठी प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, पायांतील शक्ती जाते आणि माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. हिवाळ्यात खिडकी बंद करून आंघोळ करण्याच्या सवयीमुळे हा धोका वाढतो.

दार, प्रकाश आणि हाक

आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडत नाही आणि मदत वेळेवर पोचत नाही. सुताराकडून दार बाहेर उघडणारे किंवा सरकते करून घ्यावे. आतली कडी काढून, बाहेरून नाणे फिरवून उघडता येणारे कुलूप बसवावे. तोवर आत कोणी आहे हे दर्शवण्यासाठी दाराच्या मुठीवर पंचा टाकण्याची पद्धत घरात रूढ करावी. कडी लावू नका असे नुसते सांगून भागत नाही. आत कोणी येणार नाही याची खात्री पटली, तरच ज्येष्ठ मंडळी कडी सोडतात.

चाकांची खुर्ची वापरावी लागत असेल तर दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आणि आत वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. बहुतेक सदनिकांत एवढी जागा मिळत नाही. अशा वेळी चाके असलेली अरुंद कमोड-खुर्ची उपयोगी पडते. तिच्यावर बसवूनच कमोडवर नेता येते आणि आंघोळही घालता येते.

रात्रीसाठी पलंगापासून शौचालयापर्यंत चाहूल लागताच पेटणारे दिवे किंवा झिरोचे दिवे लावावेत. उठल्यावर दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर बसावे, पावले हलवावीत, मगच उभे राहावे. न्हाणीघरात एक घंटा लावावी आणि तिची दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवावी. पडलेल्या माणसाचा हात वरच्या बटनापर्यंत पोचत नाही.

चाळीत आणि गावाकडे

गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक शौचालय असलेल्या चाळीत किंवा अंगणापलीकडे संडास असलेल्या गावातील घरात वरील बऱ्याच सूचना आपल्या हातात नसतात. तेथे रात्रीपुरता पलंगाशेजारी कमोड-खुर्ची आणि पुरुषांसाठी लघवीचे भांडे ठेवावे. खोलीत पडदा लावून आडोसा करावा. अंगणातील वाटेवर आधारासाठी बांबूचा किंवा लोखंडी पाइपचा कठडा गावातील कारागीर सहज करून देतो. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी दर आठवड्याला घासावी. चाळीतील रहिवाशांनी मिळून सार्वजनिक शौचालयातील एका खोलीत कमोड आणि दांडे बसवून घेतल्यास त्याचा उपयोग मजल्यावरील प्रत्येक घराला आज ना उद्या होणार आहे.

राज्य शासनाच्या २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या ज्येष्ठांना कमोड-खुर्चीसारख्या साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात सद्यःस्थितीची चौकशी करावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही माहिती मिळते.

आंघोळ घालणाऱ्यांसाठी

ज्या व्यक्तीने आपल्याला लहानपणी न्हाऊ घातले, तिला आता आपण न्हाऊ घालतो, हे दोघांनाही सोपे नसते. संकोच हा हट्ट नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कपडे, पंचा, साबण अशी सर्व तयारी आधी करावी, म्हणजे मध्येच एकटे सोडून जावे लागत नाही. खांद्यावर आणि मांडीवर पंचा पांघरून त्याखालून अंग धुवावे. चेहरा, छाती आणि गुप्तांगे जमेल तोवर त्यांची त्यांनाच धुऊ द्यावीत. सासऱ्यांना मुलाने किंवा पुरुष सेवकाने आंघोळ घालण्याची व्यवस्था शक्यतो करावी. उठवताना दंड धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. खांदा निखळू शकतो. कमरेभोवती रुंद पट्टा बांधून त्याला धरावे, अशक्त बाजूला उभे राहावे आणि स्वतःचे गुडघे वाकवून उचलावे. आपली कंबर दुखावली तर दोघेही अंथरुणाला खिळतील.

रोज संपूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा आंघोळ आणि इतर दिवशी ओल्या कापडाने अंग पुसून काखा, जांघा आणि बोटांमधील जागा कोरड्या केल्या तरी प्रकृतीस पुरेसे आहे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आंघोळीला कडवा विरोध करतात, कारण डोक्यावर पडणारे पाणी आणि शॉवरचा आवाज यांनी ते घाबरतात. त्यांच्याशी वाद घालू नये. "चला, कोमट पाण्याने पाय धुऊ या" असे म्हणून पायांपासून सुरुवात करावी आणि डोके शेवटी धुवावे.

आणि तरीही पडल्यास

घाईने उचलू नये. आधी बोलते करावे. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, खुब्यात किंवा मानेत तीव्र वेदना असतील, तर न हलवता पांघरूण घालून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर माणूस ठीक दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. त्यानंतर काही आठवड्यांतही डोकेदुखी, सुस्ती किंवा चालण्यात फरक जाणवला तर पुन्हा तपासून घ्यावे. आणि ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे: पडल्याचे लपवू नका. किरकोळ पडणे ही पुढच्या मोठ्या पडण्याची सूचना असते, आणि ती डॉक्टरांपर्यंत पोचली तर औषधांचे प्रमाण, दृष्टी आणि रक्तदाब तपासून पुष्कळ काही करता येते.

एवढे सर्व एकदम करणे कोणालाच जमणार नाही. या रविवारी न्हाणीघरापर्यंतची चाल पाहावी, पायपुसणे आणि झिजलेल्या चपला काढाव्यात, रात्रीचा दिवा लावावा. महिनाअखेर दांडे आणि खुर्ची आणावी. दार, फरशी आणि कमोड यांची कामे घराची पुढील डागडुजी निघेल तेव्हा करावीत. दांडा कोठे हवा, खुर्ची केवढी हवी, हे ज्यांना वापरायचे आहे त्यांनाच ठरवू द्यावे. न विचारता आणलेली वस्तू माळ्यावर जाते, असा माझा अनुभव आहे.

पुढील अंकात रात्रीच्या लघवीमुळे मोडणारी झोप आणि त्यावरील उपाय यांचा विचार करू.